पप्पांचा आवाज

वडिलांची बदली झाली तेव्हा आम्ही घोलवडला एका इराणी आंटींच्या चिकूवाडीतलं मागचं घर भाड्याने घेतलं होतं. आंटी सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहत. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले की त्या मला हाक मारत. त्यांना बोलायला आवडे आणि मला बोलावं लागत नसे.

२०१७च्या सुट्टीत त्यांच्या भाच्याने मुंबईहून छोट्या बॅगेएवढा रेकॉर्ड प्लेअर पाठवला. आंटींकडे एकच रेकॉर्ड होती, लाखेची, जड, काठाला टवका उडालेली. वाडीत येण्याआधी त्यांचे पप्पा मुंबईतल्या एका हॉटेलच्या डान्स बँडमध्ये गात, ही त्याच बँडची. लेबलवर मात्र फक्त बँडचं नाव होतं, खाली बारीक अक्षरांत ‘फॉक्सट्रॉट, गायनासह’, म्हणजे जोडीने नाचायची धून. घरचा ग्रामोफोन फार पूर्वीच मोडला होता, त्यामुळे आंटींनी ती कधी ऐकलीच नव्हती. पप्पा त्यांच्या शाळेच्या दिवसांतच गेले.

“खोकला आठवते, दीकरी,” त्या म्हणाल्या. “आवाज नाही आठवत आता.”

मी सुई ठेवली. आधी बराच वेळ नुसती वाद्यं, वरातीच्या शेवटी दमलेला बँड वाजवतो तशी. मग एक जाड, संथ आवाज आला. आंटींनी माझं मनगट धरलं.

“हेच. मजुरांना असेच बोलवायचे. हाक पुरी होईपर्यंत अर्धी टोपली भरायची.”

त्यांचे डोळे ओले झाले होते. माझं लक्ष प्लेअरच्या वेगाच्या खटक्याकडे गेलं. तो ४५वर होता. अशा जुन्या रेकॉर्डला मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग लागतो, हळू फिरली तर कुणाचाही आवाज जाडच येणार. गप्प राहणं मला नेहमीच जमतं. पण त्यांना पप्पांचा आवाज हवा होता, आणि हा तो नव्हता.

“आंटी, वेग चुकलाय.”

त्यांनी मनगट सोडलं. “मग बरोबर कर.”

या वेळी वाद्यं धावतच आली. आंटींची सपात फरशीवर ठेका धरू लागली. गाणारा विशीतला वाटत होता, आवाज बारीक, थोडा मिजासखोर. दोन कडवी गाऊन तो थांबला आणि उरलेली रेकॉर्ड पुन्हा वाद्यांचीच.

आंटींचा ठेका थांबला. मी उगाच बोलले, असं मला वाटू लागलं.

“याला मी ओळखत नाही,” त्या म्हणाल्या. “मम्मा ओळखायची. सांगायची, तुझ्या पप्पांसाठी पोरी लाइन लावायच्या. आम्ही म्हणायचो, या खोकणाऱ्यासाठी?” त्या हसल्या. “खरं बोलत होती बिचारी.”

मग मम्मासाठी म्हणून त्यांनी ती आणखी एकदा लावायला सांगितली. ती संपल्यावर खुर्चीत नीट मागे टेकल्या.

“आता ते चुकीचं लाव. ते माझे आहेत.”

मी खटका ४५वर आणला.