मागच्या दारचा दगड

राज्य नवं होतं आणि खामगावाबाहेरची आमची वसाहत त्याहून नवी. सगळ्यांचे पत्ते प्लॉट नंबराचे. आमचा दूधवाला मात्र नंबर जुमानत नसे. वसाहत व्हायच्या आधी हे वावर त्याचंच होतं, आणि तो अजून पिकांवरून घरं ओळखे. वकील ज्वारीतले, डॉक्टर तुरीतले. मी कचेरीतला साधा कारकून, पण मला तो 'पऱ्हाटीतले साहेब' म्हणे. आपण कुणाच्या तरी उभ्या कपाशीत घर बांधून बसलोय असं वाटायचं, आणि ते मला आवडत नसे.

त्याची एक खोड होती. मागच्या दारी धुण्याच्या दगडावर तो रोज थोडं दूध सांडायचा. बायको चिडायची. "हात थरथरते, बाई," एवढंच म्हणायचा. दूध मापताना मात्र त्याचा हात कधी थरथरला नाही.

पोळ्याला तो उरलेला एकच बैल सजवून मागच्या दारी आला आणि त्या दगडाला शेंदूर फासू लागला. मी ओरडलो, "अहो, हे काय?"

"आमच्या वावरातला म्हसोबा होय, साहेब. तुमच्या गवंड्यानं शेंदूर खरडून इथं बसवला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो त तुमी फेकून देला असता. इथं रोज पाणी त भेटते त्याले."

धुण्याला दुसरा दगड आणतो, असं मी म्हणालो. आणला नाही. चौथ्या दिवशी बायकोनं शेंदूर घासून काढला आणि माझा सदरा त्यावर आपटला. वाळल्यावर तोच घालून मी कचेरीत गेलो.