सफरचंदाची एक ओळ

कडा गावाजवळच्या आमच्या रानात आधी डाळिंब होतं. तेल्या रोगानं ते गेलं, तेव्हा पप्पांनी त्याच जागी सफरचंद लावलं. पारावरच्यांना विषय मिळाला. "बर्फ कुठून आननार रं?" पप्पा सांगायचे, "ही जात कमी थंडीतली हाय."

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून रोपवाल्याशी हिंदीत बोलायचं काम माझ्याकडे आलं. अनोळखी आवाजाची मला धास्ती वाटते. प्रश्न वहीत लिहून मगच मी फोन लावायचे. तो लांबच्या डोंगरातला. म्हणाला, आमच्याकडे बर्फ कमी झाला, खालच्या गावांत जुन्या बागा फळत नाहीत. ज्यांची वर जमीन आहे ते वर चाललेत. बाकीचे ही तुमचीच जात लावतात, नाहीतर डाळिंब.

डाळिंब! मला हसू आलं. मग मी पुढचा प्रश्न वाचला: आमच्या झाडांना फुलं का येत नाहीत? तो म्हणाला, थंडीत पानं गळतात, झाड झोपतं आणि उठताना फुलतं. तुमच्याकडे ते झोपतच नाही. डिसेंबरात सगळी पानं हातानं तोडा.

पप्पांनी आदल्या वर्षी पानगळ केली होती, पण डाळिंबासारखी: पाणी तोडलं आणि औषध मारलं. कोवळे शेंडे जळून गेले. आता त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. यंदा फुललं नाही तर माघात जेसीबी लावून सगळी झाडं काढायची.

"हातानं तोडू या ना," मी म्हणाले.

"कोन तोडनार? सगळे कोयते गेलेत."

कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं जोडपं. डिसेंबरात आमचं निम्मं गाव कारखान्यांवर असतं. पप्पांचं म्हणणं खरं होतं, आणि वाद घालणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी ते कड्याच्या बाजाराला गेले तेव्हा मी विहिरीकडच्या ओळीला लागले. पानाच्या बगलेतला कोंबाचा डोळा दुखावू नये म्हणून एकेक पान देठाशी धरून तोडत होते. चांगली हिरवी पानं होती. दुपारी मम्मीही आली. संध्याकाळपर्यंत एक ओळ उघडी झाली.

पप्पा बांधावरच थांबले. "मॅडम, शेळ्या सोडल्या होत्या का?"

"शेळीनं तरी पोटात घातली असती," मम्मी म्हणाली.

बाकीच्या ओळींना हात लावायचा नाही, असं पप्पांनी बजावलं. मी लावला नाही. रोज सकाळी मात्र त्या ओळीतून फिरून यायचे. उघड्या काड्यांवरचे डोळे बोटानं चाचपायचे; रोपवाल्याचं म्हणणं मला पटलेलं होतं.

जानेवारीच्या अखेरीस डोळे फुगले. आठवड्यात ती ओळ पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरली. शेजारच्या ओळींत जुनी पानं तशीच होती, फूल क्वचित कुठेतरी.

पप्पा त्या ओळीतून दोनदा चालले. "बाकीच्यांची आता तोडायची का?"

"आता नाही. डिसेंबरात."

"तवा गावात मानूस नसतंय."

"मी हाय ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. "झाडं ऱ्हाऊ दे," ते जेसीबीवाल्याला म्हणाले, "तेवढा खालचा बांध नीट करून जा."