पंजाबरावांचा अमरावतीचा शनिवार

पंजाबरावांनी अमरावतीत दुसरी बाई ठेवली आहे, ही बातमी आमच्या अकोल्याच्या कॉलनीत सकाळी माणिकबाईंच्या ओट्यावर कुजबुजली गेली आणि दुपारच्या चहापर्यंत त्या बाईला एक मूलही झाले. आमची कॉलनी कामाला अशी तत्पर.

एकोपा तर विचारूच नका. तीस घरे, भिंतीला भिंत. कोणी भरदिवसा दाराला कडी लावली, की आत काहीतरी चांगले शिजते आहे असे समजून शेजारी वाटी घेऊन हजर. पंजाबराव कृषी विद्यापीठातले निवृत्त कारकून, बिनकण्याचा माणूस, कोणाला नाही म्हणणे ठाऊक नाही. संडासात चार मिनिटे जास्त बसले तर भिंतीपलीकडून खुशालराव ओरडणार, "पंजाबभाऊ, पोट बिघडलं काय?" मग तीन घरांतून ओव्याच्या तीन पुड्या यायच्या, आणि आणणाऱ्या तिघी त्यांनी ओवा चावून गिळल्याचे पाहूनच उठायच्या. याला आम्ही प्रेम म्हणतो.

असा हा माणूस वर्षभरापासून दर शनिवारी सकाळच्या एसटीने अमरावतीला जायचा आणि संध्याकाळी टवटवीत होऊन परतायचा. कशाला जातो, ते सांगायचा नाही. साठी उलटलेला नवरा टवटवीत! आणखी काय पुरावा पाहिजे? तरी तोही मिळाला. खुशालरावांच्या भाच्याने, योगेशने, त्यांना अमरावतीच्या बाजारात उशी विकत घेताना पाहिले.

"किती घेतल्या?" माणिकबाईंनी विचारले.

"एकच."

"मंग दुसरी तिची असनच घरी."

एवढी अक्कल असलेल्या बाईला आम्ही महिला मंडळाची अध्यक्ष केले आहे.

हसून घ्या, पण पंजाबरावांच्या मनकर्णाबाईंचा पस्तीस वर्षांचा संसार पणाला लागला होता. त्यांनी नवऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, "कोनी नाही." मग जातो कशाला, तर गप्प. बाईंचे जेवण सुटले. त्यावर कॉलनीचे प्रेम उतू गेले. पुढच्या शनिवारी एसटी सुटल्यावर तासाभराने भाड्याची गाडी निघाली. पुरी-भाजीचे डबे घेतले. शिवाय माणिकबाईंनी नारळ, खण आणि तांदूळ घेतले.

"सवत असली तरी सवाशीण हाय वं. रिकाम्या हातानं कसं जावं?"

सवतीची ओटी मांडीवर घेऊन मनकर्णाबाईंनी अमरावती गाठली. आमच्यात माणुसकी इतकी, की माणसाचे काय होते तिकडे बघायला सवड नाही.

योगेशने पंजाबरावांची भाड्याची खोली आधीच शोधून ठेवली होती. दार बडवल्यावर पंजाबराव बनियनवर, डोळे चोळत बाहेर आले.

"काय झालं? कोन मेलं?"

"ती कुठी हाय?" मनकर्णाबाईंचा आवाज फाटला.

"कोन ती?"

"लाजू नका भाऊ," खुशालराव त्यांना बाजूला सारून आत घुसले, "आपन घरचेच हाओ."

माणिकबाईंनी खाटेखाली पाहिले, मोरीत पाहिले. एक खाट, एक माठ, एक पेला. मनकर्णाबाईंनी उशी उचलून हुंगली. त्यांच्याच घरच्या तेलाचा वास. त्या मटकन खाटेवर बसल्या.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं, त माणिकबाईले समजलं असतं."

खरेच होते ते. भाजीला मीठ जास्त झाले तरी मनकर्णाबाई आधी माणिकबाईंना सांगायच्या.

तोवर खाटेवर वर्तमानपत्र पसरून डबे उघडले गेले होते. खुशालराव पुरी मोडत म्हणाले, "खोली मस्त हाय भाऊ. आता दर शनवारी आमी बी येत जाऊ. अंबादेवीचं दर्शन बी होते."

पंजाबरावांनी त्याच महिन्यात खोली सोडली. मनकर्णाबाई जेवू लागल्या. कॉलनी मात्र अजून सांगते, की गाडीचा आवाज ऐकून ती बाई मागच्या दाराने पळाली.

खोलीला मागचे दार नव्हते. बाईही नव्हती. पंजाबराव तिथे दाराला आतून कडी लावून दर शनिवारी चार-पाच तास एकटे झोपायचे.