चारच्या वर्गाचा कॉम्प्युटर

“आधी तो टब उचला. कपडे भिजवायचा टब आहे माझा.”

“होता,” हायम पेझारकर शांतपणे म्हणाले. “आता ते कूलिंग युनिट आहे.”

“युनिटमध्ये तुमची लुंगी तरंगतेय.”

“बर्फ गुंडाळलाय तिच्यात. लवकर वितळू नये म्हणून. एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलीत मी, मझल. गारव्यातलं मला तू शिकवू नकोस.”

“गारव्यातलं कोण शिकवतंय? कीबोर्डवर पाणी उडतंय, एवढंच सांगतेय!”

उडत होतंच. खुर्चीवर टब, टबात दहा किलोची लादी, टबामागे टेबलफॅन आणि फॅनचं तोंड कॉम्प्युटरकडे. वाऱ्याबरोबर बारीक तुषार थेट कीबोर्डवर उतरत होते. मझलबाई एका हाताने ओढणीने ते टिपत होत्या आणि दुसऱ्या हाताने टब ओढत होत्या. टबाची पलीकडची कड हायमनी धरून ठेवली होती.

मेचा शेवटचा शुक्रवार, दुपारचे तीन. पनवेलला वडाळे तळ्यामागच्या इमारतीतली ही दुसऱ्या मजल्यावरची खोली, पश्चिमेच्या खिडकीची. पडदा ओढला तर पडदाच तापायचा. आणि वर्ग चारला होता.

मझलबाईंनी पनवेलच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. त्या बाजारात निघाल्या की निम्मे लोक “नमस्कार बाई” म्हणतात, आणि उरलेले पटकन मान खाली घालून कांदे निवडायला लागतात. त्या निवृत्त होईपर्यंत दोन भाऊ, नणंद आणि शेवटी मुलगी ज्युडिथ, सगळे एकामागून एक इस्रायलला गेले. दोन वर्षांपूर्वी ज्युडिथची मुलगी डेबोरा सुट्टीत इथे आली. आजोबांच्या विनोदावर सगळे हसले की ती आधी सगळ्यांकडे बघायची आणि मग हसायची. मझलबाईंनी ते टिपलं. डेबोरा परत गेल्याच्या पुढच्याच शुक्रवारी त्यांनी व्हिडिओवर मराठीचा वर्ग सुरू केला. आपल्याकडे चार वाजतात तेव्हा तिकडे दीड. पोरं शाळेतून आलेली असतात आणि शब्बाथ, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायला अवकाश असतो. आधी एकटी डेबोरा होती. आता सहा मुलं. मोबाइलवर हा वर्ग होत नाही. तिथे सहा तोंडं टिकल्यांएवढी दिसतात, आणि ‘ळ’ म्हणताना कोणाची जीभ कुठे जाते ते बाईंना दिसावं लागतं.

एप्रिलच्या मध्यापासून कॉम्प्युटर तापून बंद पडायला लागला. आधी अर्ध्या तासाने, मग वीस मिनिटांनी. गेल्या शुक्रवारी डेबोरा उभी राहिली, “माझ्या आजीच्या घरी...” म्हणाली आणि पडदा काळा झाला. आजीच्या घरी काय, ते कोणालाच कळलं नाही.

काल ज्युडिथचा फोन आला होता. “आई, बाकीच्या आया म्हणतायत, उन्हाळाभर सुट्टी देऊया. ऑक्टोबरला सण झाले की बघू.”

“ऑक्टोबर?”

“पोरं कंटाळतात गं. दर वेळी मध्येच तुटतं. उद्या नीट झाला वर्ग तर मी बोलून बघते त्यांच्याशी.”

मेमध्ये मिटलेली वही पोरं ऑक्टोबरमध्ये उघडत नाहीत, हे मझलबाईंना कोणी सांगायला नको होतं. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या.

हायमनी मात्र आव्हान स्वीकारलं होतं. दीड महिना त्यांचे प्रयोग चालूच होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी खिडकीला ओली गोणपाटं लावली. मग कॉम्प्युटरच्या डोक्यावर फ्रीझरमधलं मटारचं पाकीट ठेवलं. परवा मझलबाई अंघोळ करून आल्या तर कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला ओडिकोलनची पट्टी चिकटलेली.

“अहो, टायफॉइड झालाय का त्याला?”

“उतरला ना पण ताप? हात लावून बघ.”

“उतरणारच. बंद आहे तो!”

तर आता तो टब. ओढाताण चालू असतानाच बेल वाजली आणि टबातलं अर्धं पाणी हायमच्या पायावर गेलं.

दारात कोमल होती. सुकापूरला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आता तिचीच मुलगी आठवीत आहे, पण ती स्वतः आठवीत होती तेव्हा मझलबाईंच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची.

“हिला कोणी बोलावलं?” हायमनी विचारलं.

“मी.”

“माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

“तुमच्यावर आहे. टबावर नाही.”

कोमलने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि टबाकडे बघितलं. “बाई, पाय बुडवाचेत का कॉम्प्युटरचे?”

“तू तुझं काम कर,” हायम म्हणाले.

टेबलाखाली लाकडी कप्पा होता. त्यात कॉम्प्युटरची पेटी अशी घट्ट बसवलेली, की पाठ भिंतीला टेकलेली. वर मझलबाईंनी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण. कोमलने झाकण उचललं, हात मागे घातला आणि “अगं आये!” करून बाहेर काढला. मग तिने वायरी सोडवल्या, पेटी पुढे ओढली आणि उलटी फिरवली.



पेटीच्या पाठीवर, पंख्याच्या जाळीवर, खालच्या भोकांवर, जिथे म्हणून हवा आत-बाहेर करते तिथे सगळीकडे तपकिरी टेप होती. नुसती चिकटवलेली नाही. कात्रीने कापून, कोपरे गोल करून, वायरींच्या जागा तेवढ्या सोडून.

“ही कोनी लावली?” कोमलने विचारलं.

“कंपनीची असेल,” हायम म्हणाले. गुडघ्यांमुळे ते सहा वर्षांत टेबलामागे वाकले नव्हते.

“कंपनी कोपरे गोल नाय करत, काका.”

मझलबाईंनी चष्मा काढला. तो पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

“मी लावली,” त्या म्हणाल्या.

“तू?”

“पेसाहला.”

यंदा एप्रिलमध्ये आलेल्या पेसाहच्या आठ दिवसांत ह्या घरात आंबवलेल्या पिठाचा कण चालत नाही. त्याआधी मझलबाई पंधरा दिवस घर उलटंपालटं करतात. डबे, फटी, गाद्यांच्या शिवणी, काही सुटत नाही. आणि हायम रोज सकाळी कॉम्प्युटरपुढे बसून चहात खारी बुडवून खातात. कीबोर्ड मझलबाईंनी टूथब्रशने साफ केला. पण ह्या पेटीला भोकं होती, भोकांतून चुरा आत गेलेला दिसत होता, आणि पेटी उघडायची कशी ते त्यांना माहीत नव्हतं. साफ करता येत नाही ते बंद करून ठेवायचं, ही त्यांच्या आईची रीत. आई बरण्यांची तोंडं फडक्याने बांधायची. सण झाल्यावर मझलबाईंनी घरातली झाडून सगळी बांधलेली तोंडं सोडली. हे एक भिंतीकडे होतं.

“सहा आठवडे,” हायम हळूच म्हणाले. “सहा आठवडे मी त्याच्या पोटाला बर्फ लावतोय आणि तू त्याचं नाक बांधून ठेवलंयस.”

“खारी कोण खात होतं?”

“नाक कोणी बांधलं?”

“कॉम्प्युटरात पाल बघितली मी,” कोमल म्हणाली. “झुरलं बघितली. एकदा उंदरीन होती, पिल्लांसकट. पन नाकातोंडाला टेप पैल्यांदाच. बाई, आमाला वही विसरली की बाकावर उभं करायचात. आता काय करायचं तुमचं?”

आधी हायमना हसू फुटलं. ते टबाची कड धरून हसायला लागले, मग जमिनीवरच बसले, सांडलेल्या पाण्यात. मझलबाईंनी दोन क्षण शिक्षिकेचा चेहरा धरून ठेवला, पण तो सुटलाच. त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांतलं पाणी पुसायला ओढणीचा कोरडा कोपरा सापडेना. वरच्या मजल्यावरून साबिराताईंनी खिडकीतून हाक मारून विचारलं, काय झालं? उत्तरादाखल वर नुसतं हसणंच गेलं.

कोमलने टेपा सोलल्या, पेटी उघडून ब्लोअर लावला आणि खोलीत धुळीचा लोट उठला. त्यात खारीचा इतका चुरा होता की हायमनी मान फिरवली.

“आता ऐका,” ती पेटी बंद करत म्हणाली. “ह्या कप्प्यात परत घालायचा नाय. भिंतीपासून हातभर लांब, टेबलावर. ऊन येतं त्या बाजूला नको. वर झाकन नाय, मटार नाय, बर्फ तर नायच, आत पानी गेलं तर कायमचा जाईल. फॅन साधा लावा. तीन महिन्यांनी धूल काढायची, मी येऊन काढीन.”

“क्रोशाचं झाकण पण नाही?”

“बाई, ह्या उन्हात तुमी स्वेटर घालता का?”

चारला दोन मिनिटं असताना पडदा उजळला. एक, दोन, सहा चेहरे आले. मझलबाईंनी शिकवायला सुरुवात केली, पण डोळा घड्याळावर. हायम मागे उभे राहून डॉक्टरसारखा पेटीवर तळहात ठेवून होते. कोमलही थांबली होती, निकाल बघायला. दहा मिनिटं झाली. पंधरा. विसाव्या मिनिटाला आतला पंखा जरा मोठ्याने घरघरला आणि मझलबाईंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. हायमनी डोळे मिटले. पंखा पुन्हा शांत झाला. पडदा तसाच.

“कोमट,” हायम डोळे उघडून म्हणाले. “नुसता कोमट आहे!”

“आजी,” डेबोराने पडद्यातून विचारलं, “आजोबा बनियनमध्ये का? कॉम्प्युटरला का पकडतात?”

मग मझलबाईंनी पुस्तक मिटलं आणि सगळं सांगितलं. टब, लुंगी, मटार, टेप. आजवर ही मुलं विचारलेल्याची उत्तरं द्यायची. आज प्रश्न तिकडून यायला लागले. लुंगी बर्फाने मोठी झाली का? आजोबा रडले? टेप दाखव! कोमलने टेपेचा गोळा कॅमेऱ्यापुढे धरला. एका मुलाने “मटार” हा शब्द पाच वेळा म्हटला, त्याला तो फारच आवडला होता. हसणं ऐकून स्वयंपाकघरांतून आया आल्या आणि मुलांच्या मागे उभ्या राहिल्या. एक म्हणाली, माझी आई पण बरण्या अशाच बांधायची, आणि तिची मुलगी म्हणाली, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

पाच वाजून गेले तेव्हा कुठे “शब्बाथ शालोम, आजी” म्हणत एकेक चेहरा विझला. ज्युडिथ आणि डेबोरा तेवढ्या राहिल्या.

“आई,” ज्युडिथ म्हणाली, “मग सुट्टीचं काय कळवू सगळ्यांना?”

“मझल,” हायम मागून म्हणाले, “बांगडे अजून साफ व्हायचेत. सातला शब्बाथ लागेल, त्याआधी सगळं उरकायचंय.”

मझलबाईंनी चष्मा सारखा केला.

“सुट्टी नाही. जूनपासून मंगळवारीही वर्ग आहे, चारलाच. आणि शुक्रवारचा स्वयंपाक आजपासून तुझे बाबा करतील.”