शेपटीला बांधलेली दोरी

तुमच्या गावात कोणी वीज देणारं यंत्र बसवून गेलं असेल, तर ते थांबवायचं कसं, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का? की दिवा लावून दाखवला, फोटो काढले आणि गाडीत बसून गेले?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये इंटर्नशिप केली. तिथे छोट्या पवनचक्क्या बनायच्या. उंच खांबावर तीन पाती, मागे पत्र्याची शेपटी, खाली बॅटरी. जुन्या मॉडेलची खोड अशी, की वारा वाढला की पाती बेफाम फिरायची. ती शेपटी सुधारण्याचं काम माझ्याकडे आलं. आधी पुठ्ठ्याच्या शेपट्या केल्या, मग प्लॅस्टिकच्या, मग पत्र्याच्या. शेवटी तिरकी बिजागरी जमली. वारा जोराचा आला की शेपटी दुमडायची, पाती वाऱ्यापासून बाजूला वळायची आणि वेग आपोआप उतरायचा. टेम्पोच्या टपावर बांधून उमरोळीच्या रस्त्यावर पळवून पाहिली, तिथेही दुमडली. सरांनी, म्हणजे डिझाइनच्या प्रमुखांनी, सगळ्यांसाठी वडापाव मागवला.

पहिला नमुना नवापूरला उभा राहिला. जागा एका मावशींची, किनाऱ्याला लागून. तिथे बांबूच्या वलांड्या, त्यांवर जोडीजोडीने लटकवलेले बोंबील. मावशींनी खांबाला जागा दिली ती एका दिव्याच्या बोलीवर. पहाटे बोंबील काढायला उजेड हवा होता. खांब वलांड्यांच्या मधोमध रोवला गेला. मी म्हटलं होतं, जरा लांब घेऊया. सर म्हणाले, तार वाढते.

होळीनंतर दुपारचे वारे सुटले. आम्ही मापं घ्यायला गेलो, तर रस्त्यावरूनच आवाज ऐकू आला. चक्की नेहमी फरफरायची. आता ती कण्हल्यासारखी एका सुरात वाजत होती आणि खांबाला ताण देणाऱ्या तारा त्या सुरात थरथरत होत्या. वलांड्यांवर एकही कावळा नव्हता. सुकत्या बोंबलांवर कावळा नाही, असं मी तिथे आधी कधी पाहिलं नव्हतं.

वर पाहिलं. शेपटी निळ्या नायलॉनच्या दोरीने गच्च बांधलेली होती.

मावशींनी सरळ सांगितलं, त्यांच्या भावाने चढून बांधली. वारा पडला की शेपटी परत येताना खाडकन आपटायची. होडी नांगरली की आपटणारं सुकाणू बांधून टाकायचं, नाहीतर त्याच्या बिजागऱ्या तुटतात, हे त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. वर त्यांची मला टपली.

"वाऱ्यात सुकानू मोकलं ठेवतात काय कोन? तुमी कालेजात ह्येच शिकता?"

मी समजावलं, की हे सुकाणू मोकळं असेल तरच यंत्र वाचतं. त्यांचा चेहरा उतरला. त्या भावाला हाक मारायला वळल्या, तेवढ्यात सरांनी हात वर केला. ते मीटरकडे पाहत होते. शेपटी बांधलेली, त्यामुळे पाती वाऱ्यासमोरून हलत नव्हती आणि वीज कधी नव्हे इतकी येत होती. दोन दिवसांनी पैसे गुंतवणारे पाहुणे यायचे होते.

"पाहुणे येऊन जाऊ दे," सर म्हणाले, "मग सोडू."

मी म्हणाले, पातं सुटलं तर खाली मावशी असतात. दिवसभर असतात.

"तू इंटर्न आहेस," ते हसून म्हणाले. "युनियन नाहीस."

माझे वडील कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटायचे. उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले. त्या पत्रकांत अपघात नुसता 'झाला' असं कधी लिहिलेलं नसायचं. तो कोणी होऊ दिला, ते लिहिलेलं असायचं.

मी मावशींना बाजूला घेऊन सांगितलं, पाहुणे जाईपर्यंत खांबाखाली येऊ नका. त्या म्हणाल्या, माल ओला हाय, तो कोन परतनार? पण खांबाजवळच्या दोन वलांड्या त्यांनी रिकाम्या केल्या आणि पाटी उचलून पलीकडच्या टोकाला गेल्या.

पाहुणे आले त्या दुपारी समुद्रावर पांढरा फेस उठला होता. सर मीटर दाखवत होते, पाहुणे माना डोलावत होते. चक्कीचा सूर चढत गेला, इतका की बोलणं ऐकू येईना. मग तो एकदम तुटला. पातं निघालं ते आम्हाला दिसलंच नाही. दिसला तो रिकाम्या वलांडीचा मधून फुटलेला बांबू आणि त्याखाली वाळूत रुतलेलं पातं. रोज त्याच जागी मावशी उकिडव्या बसून बोंबील निवडायच्या.

पलीकडून त्या आल्या. पात्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मी तितं बसते ना गं."

शेडमध्ये ठरलं, की चूक गावकऱ्यांची. दोरी त्यांनी बांधली. ती तशीच राहू द्या असं कोणी सांगितलं, हे कोणी विचारलं नाही. बिजागरीवर झाकण बसवावं, म्हणजे तिला काही बांधताच येणार नाही, आणि खांबाच्या पायथ्याशी थांबवायचा खटका द्यावा, असे दोन नमुने मी करून ठेवले. पुढच्या मॉडेलमध्ये बघू, असं उत्तर मिळालं. माझी इंटर्नशिप संपली. चक्क्या निघाल्या, माझ्या शेपटीसह, झाकणाशिवाय, खटक्याशिवाय. सफाळ्याच्या आतल्या पाड्यांवर, एका शाळेच्या अंगणात मी त्या स्वतः पाहिल्या आहेत. प्रत्येक वेळी आधी मान वर करते.

तुम्हीही करा. तुमच्या वाडीत, शाळेत अशी चक्की असेल तर आज तिची शेपटी पाहा. बांधलेली असेल तर खालची माणसं, मुलं, वाळवण आधी हलवा. वारा असताना कोणाला वर चढवू नका. वारा पडला की बसवणाऱ्यांना बोलावून त्यांच्याच हातून ती दोरी सोडवून घ्या आणि थांबवायचा खटका नसेल तर तो बसवून, कसा वापरायचा ते दाखवल्याशिवाय त्यांना गावातून जाऊ देऊ नका.