गोरेगावच्या बाजारात बिनखिळ्याची चप्पल

सागवानी फर्मे, जुन्या करवतीच्या पात्याची रापी, पाण्याच्या मोटरवर फिरणारं घासचाक आणि एकही खिळा नसलेली चप्पल. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कोणत्या संस्थेत शिकलात, असं विचारणाऱ्यांना सांगतो: नागपुरात, माझ्याच ओसरीवर. खिळा का नाही, तेही सांगतो. कुष्ठरोग औषधाने बरा होतो, पण तळपायाची गेलेली जाणीव बहुतेक वेळा परत येत नाही. अशा पायात खिळा घुसला, तर रक्त दिसल्यावरच कळतं. म्हणून मऊ रबर, शिवण आणि चिकटवायचं सोल्यूशन. बस.

या चपला मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहणाऱ्या कॅथलिक सिस्टरांना पाठवायचो. त्या जखमा धुतात, पट्ट्या बांधतात आणि पेन्शन अडली की बायांना घेऊन तहसीलीत ठिय्या देतात. एक दिवस तिथल्या सिस्टर रोझलिनचा फोन आला. "भाऊ, चप्पल मजबूत आहे, लेकिन सुभद्राबाई घालत नाही."

माझी चप्पल घालत नाही? दुसऱ्याच दिवशी नव्या जोडांनी पिशवी भरली आणि निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर नागपूरहून गोंदियाला सकाळची रेल्वे धरा. एसटीपेक्षा स्वस्त, आणि कंबर शाबूत राहते. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा. ऑर्डर मराठीत द्या, उत्तर हिंदीतच येईल. वाईट वाटून घेऊ नका. गोरेगावच्या एसटीत डावीकडे बसू नका, ऊन तोंडावर येतं. दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, त्यात लाखोरीचं कडधान्य हिरवं उगवलेलं. पुढे काळीपिवळी जीप मिळते, पण सीट भरल्याशिवाय ती हलत नाही.

सिस्टरांच्या कौलारू घराच्या पायरीशी चपलांची रांग होती. सगळ्या माझ्याच. पायाला काही न झालेल्या सिस्टरांनीही तीच घालावी? "पेशंटची वेगळी, आमची वेगळी, असं इथे नाही," सिस्टर रोझलिन म्हणाल्या. माझी छाती फुगली.

ती फुगलेली छाती सुभद्राबाईने उतरवली. पट्टी बांधलेल्या पायात पातळ प्लॅस्टिकची स्लिपर, डोक्यावर वांग्यांची टोपली.

"काऊन घालत नाही माझी चप्पल?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"तुमची नाही जी, रोगाची चप्पल ते. काळा पट्टा, मांगं बक्कल. लोक दुरूनच ओळखतेत. घालून बसली त वांगे कोनी घेत नाही."

"सिस्टर पण तीच घालतात ना?"

"त्यायले लोक सिस्टर म्हनतेत. मले महारोगी."

जखम पुन्हा चिघळली तर पायाचा पंजा काढावा लागेल, असं डॉक्टरने तिला बजावलं होतं. आणि घरात कमावणारी ती एकटीच. "पंजा वाचवू का पोट? सांगा तुमीच," ती म्हणाली.

मी उगाच विचारलं, इथे सिस्टरांकडे येतेस म्हणून लोक तुला ख्रिश्चन झाली म्हणतात का? ती हसली. "आमच्या बापानं छप्पन साली धरम बदलला, भाऊ. तुमच्यानं एक पट्टा बदलत नाही का? चॉकलेटी लावा. आन् बाजारात इका सगळ्यायले. धा बायांच्या पायात दिसली, मंग माह्या पायाकडं कोन पाहते?"

मी चिडलो. मापाने घडवलेली वस्तू बाजारात ढिगाने विकायची? सिस्टरांकडचे लाखोरीचे वडे खातानाही धुसफुसत होतो. पण बाई बरोबर होती. गोरेगावात मोटरसायकलच्या सीटा शिवणाऱ्याकडून चॉकलेटी रेक्झिन आणलं, आतून मऊ अस्तर दिलं आणि सगळ्या जोडांचे पट्टे बदलले. सिस्टरांनीही आपापल्या चपला पुढे केल्या.

गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी सुभद्राबाई भाजीवाल्यांच्या रांगेत बसली. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला मी आणि माझ्या चपला. जागेची पावती फाडणाऱ्या बाजार-ठेकेदाराचा माणूस आलाच. "ए बाई, तू नाल्याकडं बस."

"रसीद फाडी ना तुमने?" सिस्टर म्हणाल्या. "जागा हीच."

"सिस्टर, आप बीच में मत आओ."

"आई नहीं, बैठी हूँ."

आजूबाजूच्या बाया खळखळून हसल्या. तो पुटपुटत पुढे गेला.

एकीने पाय घालून पाहिला. "गादीवानीच हाये वो!" मग दुसरी आली, तिसरी आली. दुपारपर्यंत बाजारात चॉकलेटी पट्टे फिरायला लागले. सुभद्राबाईने नवी चप्पल घातलेला पाय मुद्दाम पोत्याच्या बाहेर काढून ठेवला. वांगी घेणारीने पाहिलं. "तुमी बी घेतली का बाई?"

"घेतली ना. पाय जराही दुखत नाही," असं म्हणून तिने माझ्याकडे बघत डोळा मारला.

नागपूरला परतल्यावर सिस्टरांचा फोन आला: जखम भरत चालली आहे, बाई रांगेतच बसते. माझ्या ओसरीवर आता काळा पट्टा कापला जात नाही.

त्याच सुमारास शहरातले एक दानशूर गृहस्थ गाडीतून आले. मोठी ऑर्डर, पैसे आगाऊ. अट एकच: पट्टा काळा, आणि त्यावर त्यांच्या नावासह छापायचं, 'कुष्ठरुग्णांस सप्रेम भेट'. मी त्यांना ओसरीच्या पायरीवरूनच परत पाठवलं. रक्कम होती तीन लाख रुपये.