आधी मालकाचं नाव

विलासच्या पोटात सुरा खुपसला, हे मला त्याच्या बहिणीनं फोनवर सांगितलं. परळच्या आमच्या ऑफिसखाली, भर दुपारी. दीड महिना झाला, माझं डोकं अजून भडकलेलंच आहे. गिरणी कामगारांच्या घरांच्या यादीत खोटी नावं घुसवायला तो नाही म्हणाला, एवढाच त्याचा गुन्हा...

त्या यादीचा डेटाबेस आम्ही दोघं सांभाळायचो. जुन्या डेटाबेसमध्ये जो टेबल बनवतो तो मालक, आणि त्याचं नाव टेबलाच्या नावाआधी लागतं. 'वारस' नावाचं एक टेबल विलासचं, खरं. त्याच नावाचं दुसरं माझं, चाचणीचं. नुसतं 'वारस' लिहिलं, तर ज्याचं लॉगिन त्याचं टेबल उचललं जातं. एकदा मी चुकून त्याच्याच लॉगिनमध्ये बसलो आणि नुसतं 'वारस' लिहून टेबल रिकामं केलं. शेकडो विधवांची नावं गेली. विलासनं कीबोर्ड भिंतीवर आपटला, माझी कॉलर धरली. "कोणाचं ते लिहायला हात झडले काय रे तुझे?" मीही त्याला ढकललं. बॅकअपमधून यादी परत आल्यावर त्यानं चहा मागवला आणि पहिल्यांदाच वडिलांचं सांगितलं.

संपात लालबागच्या त्यांच्या चाळीत दोन शांताराम होते. एक विलासचे वडील, दुसरा संप मोडून गुपचूप कामावर जायचा. त्याला धडा शिकवायला चौघं सळया घेऊन आले, जिन्यातूनच ओरडले, "शांताराम कोण रे?" विलासचे वडील जेवत होते. उठून बाहेर आले, म्हणाले, "मी." कुठल्या खोलीतला, कोणाचा, कुणी विचारलं नाही. दोन्ही हात मोडले. त्या हातांनी पुन्हा माग चालवला नाही. "आय किंचाळत होती, नि मी मोरीत लपलेलो," विलास म्हणाला.

तो गेल्यावर आठवड्याच्या आत साहेबांचं फर्मान आलं, त्याचं खातं काढून टाका. जुन्या डेटाबेसमध्ये मालक काढला की त्याची टेबलंही जातात. माणूस मारला, आता यादीही मारायची? मी ती नव्या डेटाबेसमध्ये हलवली. तिथे टेबलं ज्या कप्प्यात राहतात त्याला स्कीमा म्हणतात, आणि कप्प्याचं नाव एक, मालक दुसराच, असं चालतं. मालक मी झालो, स्कीमाचं नाव ठेवलं 'विलास'. साहेब म्हणाले, "माणसाचं नाव नियमात बसत नाही, बदल." मी खुर्ची लाथाडली. "हात लावून दाखवा, साहेब." कुणी लावला नाही. आता यादी उघडायची तर साहेबांनाही आधी त्याचं नाव लिहावं लागतं.

परवा दोघं अनोळखी जण आले, एकाचा हात शर्टाखाली. रिसेप्शनवर विचारलं, "यादी बघतो तो दिलीप कोण?" मी पुढे गेलो आणि माझं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आमच्याकडे दिलीप दोन आहेत, आणि दुसऱ्याची पोरगी आत्ताच चालायला लागलीये.